बंद दाराचा अर्थ

मर्डिना गिलीसला राग आला की तो आधी कानांवर दिसायचा. कान लाल झाले की बेटावरच्या किलवारन गावच्या शाळेतली पोरं ताटातला कोबी मुकाट्याने संपवायची, आणि मोठी माणसं टोपी उचलून निघायच्या तयारीला लागायची. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. बापाचं नाव मुर्डो. त्याला मुलगा हवा होता. झाली मुलगी, तेव्हा त्याने आपल्याच नावाला शेपूट जोडून ते तिच्या गळ्यात बांधलं. नावाच्या बाबतीत माझी फसवणूक पाळण्यातच झाली, असं ती हसत सांगायची. मात्र दुसऱ्या कुणी त्यावरून तिची थट्टा केलेली तिला खपत नसे.

नोकरीतून मोकळी झाल्यावर मर्डिना कोंबड्या पाळील आणि मोजे विणील, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. कोंबड्या तिने पाळल्याही. पण त्याच वसंतात धक्क्याजवळच्या वळणावर पाटी लागली, आणि मोजे राहिले ते राहिलेच.

किलवारनच्या मागे जी टेकडी आहे तिचं नाव तोन अन एख. म्हणजे घोड्याचं ढुंगण. समुद्रातून पाहिलं तर दुसरं काही म्हणताच येणार नाही, आणि कोळ्यांच्या कित्येक पिढ्या ते ढुंगण नाकासमोर धरून धुक्यातून घरी आल्या. जुन्या काळी नकाशे काढणारे साहेब आले तेव्हा त्यांनी हे नाव कसंबसं कानावर घेतलं आणि तिसरंच काहीतरी लिहून नेलं. आता कुणा ऑफिसातल्या माणसाने त्या तिसऱ्याच शब्दाचं इंग्रजी केलं, आणि पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं, ‘सुवर्णमाथा’. खाली बाण, आणि मोटारी उभ्या करायची सोय.

गाव हसलं. दुकानात, चर्चबाहेर, बोटीवर, दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मर्डिना हसली नाही.

"हसताय काय?" ती दुकानात म्हणाली. "तुमची पोरं मोठी होऊन हेच नाव सांगणार. उद्या आपण मेलो की आपल्यालाही हे लोक अशीच गोड गोड नावं देतील, आणि आपण थडग्यात पडून ती ऐकायची."

त्यातून नावांची समिती निघाली. किलवारनच्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक खडकाचं, ओढ्याचं, शेताचं गेलिक, म्हणजे बेटाच्या जुन्या भाषेतलं, नाव आणि त्याचा अर्थ जमवायचा, सभागृहाबाहेर मोठा नकाशा उभारायचा, आणि त्यावर सगळं लिहायचं, असं ठरलं. पहिल्या बैठकीला उभं राहायला जागा नव्हती. साहेबांना, नकाशेवाल्यांना, पाटीवाल्यांना शिव्या घालायला सगळे एका पायावर तयार होते. अध्यक्ष म्हणून रुअरी मॅकलेननचं नाव पुढे आलं, आणि दुसरं कुणाचं येण्याचा प्रश्नच नव्हता.

रुअरी जन्मभर बेटाची बोट चालवत होता. त्याला वाईट म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता. मर्डिनाच्या बाबतीत तर गोष्टच वेगळी होती. तिचा नवरा डंकन समुद्रापलीकडच्या इस्पितळात वारला, तेव्हा असा वारा सुटला होता की बोटी दोरखंडाला बांधलेल्याच नाचत होत्या. बाकीच्यांनी थांबायला सांगितलं. रुअरी कुणाला न विचारता निघाला आणि डंकनला घरी घेऊन आला. शवपेटीवर स्वतःचा कोट टाकला होता त्याने, पाणी लागू नये म्हणून. हे मर्डिना विसरली नव्हती, आणि पुढे जे झालं ते झाल्यावरही विसरली नाही.

काम मात्र सगळं तिच्याच अंगावर आलं. तक्रार नव्हती. फिरत्या वाचनालयाच्या गाडीवाल्याने एक टेपरेकॉर्डर मिळवून दिला. तो पिशवीत घालायचा, त्यावर ओटच्या भाकऱ्यांचं पुडकं ठेवायचं आणि दारोदार फिरायचं. लोकांना आधी संकोच वाटे. यंत्र पाहून म्हातारे घसा साफ करत आणि चर्चमध्ये बोलावं तसं बोलत. मग मर्डिना मुद्दाम एखादं नाव चुकीचं सांगे. लगेच त्यांचं रक्त उसळे आणि खरी भाषा बाहेर येई.

स्केर अन अरान, म्हणजे भाकरीचा खडक. दुष्काळाच्या सालात पिठाने भरलेलं जहाज तिथे फुटलं आणि गावाने ओलं पीठ खरवडून खाल्लं. पण तो खडक कुठला, यावरून दोघा सख्ख्या भावांचं वाजलं आणि ते एकमेकांशी बोलेनासे झाले. मर्डिनाने दोघांना एकाच होडीत बसवून नेलं. परत आले तेव्हा खडक एकच ठरला होता, आणि दोघं मिळून तिच्यावर रागावले होते. बेलाख न होस्ना म्हणजे सुस्काऱ्यांची खिंड. पुरुष म्हणाले, चढ फार आहे, दम लागतो म्हणून. बायका एकमेकींकडे पाहून म्हणाल्या, चढाचा काही संबंध नाही. तिने दोन्ही अर्थ लिहून घेतले.

असं करत करत ती द्रुइमच्या वाडीला पोचली. वाडीच्या शेवटच्या टोकाला, रुअरीच्या शेताच्या कुंपणाला लागून, एका जुन्या घराच्या पडक्या भिंती आहेत. छप्पर कधीच गेलं. समोरच्या भिंतीत दाराची चौकट आहे, आणि ती चौकट खालपासून वरपर्यंत दगड रचून बुजवलेली. त्या जागेला म्हणतात अन दोरस दून्च्ये. बंद दार.

हे घर रुअरीच्याच पूर्वजांचं. त्याच्या आजोबांनी खाली रस्त्याजवळ नवं बांधलं, तेव्हा हे सोडलं. अर्थ विचारल्यावर तो खांदे उडवून म्हणाला, वाऱ्यासाठी बुजवलं असेल, गुरं आत शिरू नयेत म्हणून बुजवलं असेल, त्यात शोधायचं काय आहे? मर्डिनाने तसं लिहून घेतलं. पण घरी जाताना तिला चैन पडेना. ज्या घरात कुणी राहत नाही त्याचं दार वाऱ्यासाठी कोण बुजवतं? आणि दार बुजवलेली पडकी घरं बेटावर आणखीही होती. त्यांना कुणी नाव दिलं नव्हतं.

म्हणून ती म्हाताऱ्या ओइरिककडे गेली. ओइरिक बेटनची नव्वदी जवळ आली होती. पुतणी केटाग तिला सांभाळायची. म्हातारीचे पाय गेले होते, जीभ पूर्वीइतकीच धारदार होती. खिडकीशी बसून ती रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचं चार पिढ्यांचं माप काढायची. मर्डिना गेली तेव्हा ती खारवलेला हेरिंग आणि बटाटे खात होती, हातानेच, कारण मासा काट्या-चमच्याने खाणाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता.

मर्डिनाने अन दोरस दून्च्येबद्दल विचारलं. ओइरिकने बोटं पुसली.

"ते यंत्र चालू आहे का?"

"चालू आहे. बंद करू?"

"बंद कशाला? आत्तापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. नीट ठेव जवळ."

मग तिने सांगितलं. जमीनदाराला मेंढ्या हव्या होत्या, माणसं नको होती. डोंगरापलीकडचं खोरं त्याच्या कारभाऱ्याने ऐन हिवाळ्यात रिकामं केलं. छपरं पेटवली. आणि द्रुइमच्या वाडीला ताकीद दिली की बेदखल झालेल्या कुणाला जो आसरा देईल, त्याचं घर पुढचं. त्या खोऱ्यातली एक बाई होती, बेहाग. नवरा समुद्रात बुडून गेलेला, काखेत महिन्या-दीड महिन्याचं पोर. बाकीचे किनाऱ्याकडे गेले. ती बाळंतीण, मागे पडली. बर्फ पडायला लागलं, तेव्हा खिंड उतरून ती द्रुइमला आली आणि मॅकलेननच्या दाराशी पोचली.

"दार वाजवलं," ओइरिक म्हणाली. "आत दिवा होता. आतली माणसं तिला नावाने ओळखत होती, तिच्या लग्नात नाचली होती. तिने हाक मारली तीही नावानेच. मग दिवा विझला."

मर्डिनाने यंत्र आणखी जवळ सरकवलं.

"सकाळी दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्याला टेकून बसलेली होती. गेलेली. पोर तेवढं जिवंत. ती पोर म्हणजे माझ्या आईची आई." म्हातारीने ताट बाजूला सारलं. "त्यानंतर त्या दारातून घरच्या बायका जाईनात. मागची भिंत फोडून दुसरं दार काढलं, आणि हे बुजवलं. नाव लोकांनी दिलं. तोंडावर कोण बोलणार? म्हणून जागेला नाव दिलं."

मर्डिना घरी आली ती तापलेल्या कानांनी. इतकी वर्षं ती त्या भिंतीजवळून गेली होती. शाळेची पोरं तिथे लपाछपी खेळायची. वाऱ्यासाठी बुजवलं म्हणे! तिला राग आला तो कारभाऱ्याचा, जमीनदाराचा, विझलेल्या दिव्याचा. पण सगळ्यांत जास्त त्या सोप्या, सपाट, वाऱ्यावर ढकलून दिलेल्या अर्थाचा. पाटीवाल्यांनी घोड्याच्या ढुंगणाला सोन्याचा मुलामा दिला तर आपण सभा भरवली. हा मुलामा तर घरचाच होता.

पुढच्या बैठकीत तिने तो अर्थ वाचून दाखवला. बैठक लहानच होती. रुअरी, पाद्री, शाळेचे हेडमास्तर, दुकानवाला, असे नेहमीचे. वाचून झाल्यावर कुणीतरी चहाच्या कपात चमचा फिरवत राहिलं, साखर कधीच विरघळली होती तरी. पाद्री म्हणाले की फार जुनी गोष्ट आहे, ऐकीव आहे, आणि सभागृहाबाहेर पोरंबाळं वाचणार. हेडमास्तर म्हणाले की नकाशाचा हेतू लोकांना जोडण्याचा आहे. मर्डिनाने त्यांना विचारलं की भाकरीच्या खडकाची गोष्ट कुठे ऐकीव नव्हती, आणि तिच्याबद्दल कुणाला शंका कशी आली नाही.

रुअरी बोलला तेव्हा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

"माझ्या आजीने मला हे सांगितलेलं आहे, मर्डिना. मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. पण लिहायचं तर सगळं लिही. ते पोर कुणी उचललं? आम्ही. कारभाऱ्याच्या नाकावर टिच्चून आम्ही तिला वाढवलं. हे तुझ्या कागदावर का नाही?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"आणि आणखी एक. खिंडीतून उतरणारी वाट आधी कुठे येते? माझ्या घराशी येते का?" तो थोडा थांबला. "तुझे लोक कुठे होते त्या संध्याकाळी?"

मर्डिनाला वाट पाठ होती. लहानपणी रोज तुडवलेली. खिंड उतरलं की पहिलं घर लागतं ते गिलीसांचं. ती स्वतः त्याच घरात जन्मली होती. गिलीस घराण्यातच तिने लग्नही केलं होतं. मॅकलेननांचं घर वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला. बर्फात पोर घेऊन चालणारी बाई पहिली सगळी घरं टाळून शेवटच्या दाराशी कशाला जाईल?

ती उठली, कोट घातला आणि सरळ ओइरिककडे गेली. दुपार होती, केटाग अंगणात चादरी वाळत घालत होती. मर्डिना आत जाऊन उभीच राहिली.

"तुम्ही मला अर्धंच सांगितलंत," ती म्हणाली.

ओइरिकने तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "तू मॅकलेननचं दार विचारलंस. मी मॅकलेननचं दार सांगितलं."

"आमचं दार तिने वाजवलं होतं?"

"सगळ्यांची वाजवली. तुमचं पहिलं." म्हातारीचा आवाज मऊ नव्हता आणि कठोरही नव्हता. "तुझ्या खापरपणज्याने आतून खाट लावली दाराला. त्याच्या बायकोने खिडकीतून एक बटाटा दिला, गरम. तो तिच्या मुठीत सापडला सकाळी. खाल्ला नव्हता, हात शेकायला धरला असेल. एकाही घराने उघडलं नाही, मर्डिना. मॅकलेननच्या दाराशी ती मेली म्हणून नाव त्या दाराला मिळालं. बाकीचे सुटले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सूप घेऊन येतेस दर शनिवारी. चांगलं असतं."

मर्डिना खुर्चीवर बसली. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, की मॅकलेननांनी पोर वाढवलं हे खरं का. आता मात्र ओइरिक पेटली. वाढवलं, हो, वाढवलं! चालायला लागली तेव्हापासून त्यांची गुरं राखली तिने. गोठ्यात निजायची, गाईच्या उबेला. बाप्तिस्म्याचं नाव होतं, पण त्या घरात कुणी ते घेतलं नाही. ‘दारातली’ म्हणून हाक मारायचे. ए दारातली, पाणी आण. लग्न करून त्या घरातून बाहेर पडली त्या दिवशी तिला पहिल्यांदा कुणीतरी नावाने हाक मारली. "आणि आता त्याबद्दल त्यांना आभार हवेत, असं ना? लिही मग. तेही लिही. एक शब्द गाळू नकोस."

त्या दिवशी मर्डिना मुद्दाम लांबच्या वाटेने घरी आली, कारण जवळची वाट माहेरच्या घरावरून जात होती. भाऊ आता तिथे राहत होता. त्या घराचं दार तिने लाखदा उघडलं-लावलं होतं, आतल्या बाजूला जिथे खाट लावली असेल तिथे आता बूट ठेवायची फळी होती. तिला वाटलं होतं की स्वतःच्या माणसांचं कळल्यावर आपला राग ओसरेल, आपण थोडं नमतं घेऊ. झालं उलटंच. आत्तापर्यंत ती एका दारावर रागावली होती. आता वाडीभरच्या दारांवर रागावली, आणि त्यांतलं एक तिचं होतं, म्हणजे आता तिला गप्प बसायला कुणी सांगू शकत नव्हतं.

तिने नवा अर्थ लिहिला. वाडीतल्या सर्व घरांनी दार नाकारलं. पहिलं घर गिलीसांचं, शेवटचं मॅकलेननांचं. पोर मॅकलेननांनी घेतलं आणि गोठ्यात वाढवलं. बाईचं नाव बेहाग.

पूर्वी एका घराला वाचवायला बसलेली समिती आता सगळ्याच घरांना वाचवायला बसली. दुकानवाला, जो आधी गप्प होता, त्याला आठवलं की आपलीही मुळं द्रुइमचीच. मत घेतलं गेलं. मर्डिनाच्या बाजूने एकच हात वर झाला, तिचा स्वतःचा. मग पाद्र्यांनी मध्यम मार्ग काढला. नाव नकाशावर राहील, कारण नाव तर आहेच. अर्थाची जागा कोरी सोडू. कुणाचं मन दुखायला नको.

"कुणाचं?" मर्डिनाने विचारलं. "तिचं मन दुखायची वेळ तर गेली. मग कुणाचं म्हणताय?"

तिने समिती सोडली. नकाशाखाली जी नावं लिहायची होती त्यांतून आपलं नाव काढायला लावलं. बाकी सारा अर्थसंग्रह मात्र तिने त्यांच्या हवाली केला, कारण भाकरीच्या खडकाचा आणि सुस्काऱ्यांच्या खिंडीचा काही दोष नव्हता.

जूनमध्ये नकाशाचं उद्घाटन झालं. ऊन पडलं होतं. सभागृहासमोर खुर्च्या मांडल्या, आत केक आणि चहा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक पाहुण्या बाई आल्या होत्या. प्रसन्न होत्या, निळी टोपी होती, गेलिकचा एक शब्दही येत नव्हता. रुअरीने पडदा ओढला. लोकांनी पुढे होऊन आपापली शेतं शोधली, बोटं ठेवली. नकाशा सुंदर झाला होता, हे मर्डिनाला कबूल करावं लागलं. तोन अन एखच्या पुढे स्पष्ट लिहिलं होतं घोड्याचं ढुंगण, आणि पाहुण्या बाई ते वाचून मनापासून हसल्या. अन दोरस दून्च्येपुढे काही नव्हतं. लाकडाचा रंग तेवढा.

पाहुण्या बाईंचं भाषण झालं. मग हेडमास्तरांनी, रीत म्हणून, विचारलं की आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. त्यांनी हे विचारायला नको होतं.

मर्डिना पुढे आली. तिने गेलिकमध्ये सुरुवात केली आणि गेलिकमध्येच संपवलं. आवाज चढवला नाही. शाळेत पोरांना आज जेवायला काय आहे हे सांगायची तसा, साधा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. तिने बर्फापासून सुरुवात केली. एकेक घर घेतलं, वाटेवर लागतं त्या क्रमाने. पहिल्या दारापाशी म्हणाली, "हे आमचं. आतून खाट लावली. खिडकीतून एक बटाटा दिला." तिचा भाऊ तिसऱ्या रांगेत बसला होता, त्याने मान खाली घातली. पुढचं घर घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. खुर्च्यांवर बसलेली माणसं आपलं घर कधी येतंय याची वाट पाहत बसली, आणि ते आलं की जागच्या जागी आखडली. शेवटी ती मॅकलेननच्या दाराशी पोचली. दिवा विझल्याचं सांगितलं. सकाळी पोर उचलल्याचं सांगितलं, आणि गोठ्याचंही.

"बेहागने शाल बाळंतिणीसारखी डोक्यावरून घेतली होती..." ती म्हणत होती, तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून ओइरिक मोठ्याने म्हणाली, "नाही. शाल तिच्या अंगावर नव्हती. शाल पोराला गुंडाळली होती. नीट सांग."

मर्डिनाने मान हलवली आणि नीट सांगितलं.

पाहुण्या बाईंना वाटलं, एखादी जुनी प्रार्थना असावी. त्यांनी हसतमुखाने टाळ्या वाजवल्या. त्या एकट्याच टाळ्या वाजवत होत्या. मग त्यांच्याही लक्षात आलं, आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले.

रुअरी उठून आत गेला. थोड्या वेळाने तो चहाचा एक कप घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांना वाटलं की तो मर्डिनाकडे जाईल. तो गेला ओइरिककडे. वाकून कप तिच्या हातात दिला. म्हातारीने घेतला, एक घोट घेतला, आणि म्हणाली, "साखर कमी आहे." तो पुन्हा आत गेला आणि साखर घेऊन आला. यापलीकडे त्या दोघांत काय बोलणं झालं, झालं की नाही, हे कुणाला माहीत नाही.

मर्डिनाशी तो त्या उन्हाळ्यात बोलला नाही. भाऊही बरेच दिवस बोलला नाही. दुकानात ती गेली की दुकानवाला सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवायचा. चर्चमध्ये तिच्या बाकावर ऐसपैस जागा असायची. काही बायका मात्र अंडी घ्यायच्या निमित्ताने मागच्या दाराने यायच्या आणि हळूच विचारायच्या, आमचं घर नक्की कितवं म्हणालीस? ती सांगायची. मग त्या अंडी घेऊन जायच्या.

ओइरिक पुढच्या हिवाळ्यात गेली. पेटी उचलायला रुअरी पुढच्या दांड्याला होता. कबरीपाशी त्याने मर्डिनाला एकच गोष्ट विचारली, की त्या पोरीचं बाप्तिस्म्याचं नाव काय होतं.

"मारियान," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि टोपी घातली. त्याने माफी मागावी असं तिला वाटत होतं, आणि ती मागितली असती तर आपण काय केलं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. डंकनच्या पेटीवर टाकलेला कोट आणि आतून विझवलेला दिवा, या दोन गोष्टी एकाच घरातल्या; त्यांची वजाबाकी करून काही उरवायचं तिने सोडून दिलं. एकाने दुसरं फिटत नाही, असं ती म्हणायची, आणि तसं म्हणतानाही तिचे कान लाल होत.

नकाशा अजून उभा आहे. समितीने ती जागा कधीच भरली नाही. पण ओइरिकच्या मातीनंतर पहिल्याच वसंतात कुणीतरी खिळ्याने त्या कोऱ्या लाकडावर चार शब्द कोरले: ‘बेहागला कुणी उघडलं नाही’. समितीने त्यावर रंग मारला. काही महिन्यांनी शब्द पुन्हा आले, या वेळी खोल. पुन्हा रंग, पुन्हा शब्द. सगळ्यांनी मर्डिनाकडे बोट दाखवलं. हेडमास्तर तिच्या घरी जाऊन तसं बोलूनही आले. तिने बायबलवर हात ठेवून सांगितलं की हे काम माझं नाही. खोटं ती बोलत नसे, हे तिच्या शत्रूंनाही मान्य होतं.

"माझं नाही," ती दाराशी उभी राहून म्हणाली, "आणि ते माझं नाही याचं मला वाईट वाटतं. आता तुम्ही जा. कोंबड्यांना घालायचंय."

रंग मारायचा डबा आता सभागृहाच्या कोठीत धूळ खात पडला आहे. मागच्या खेपेपासून तो कुणी उघडलेला नाही.